फियाटची प्रभावळ

देवाच्या वस्तूला मी आयुष्यात कधीही वाईट हेतूने हात लावलेला नाही. एकदाच लावला, तो रोह्यात, भर दुपारी, पाना घेऊन. आणि ती वस्तू माझ्या सासऱ्यांची होती.

हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. जबाबदारी न घेता विधान कसं करावं याचं शिक्षण मला पगारी मिळालेलं आहे, त्यामुळे दोन्हींतला फरक मला कळतो.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचं नाव हैबतराव, आणि ज्याने ते ठेवलं त्याला पुढचं सगळं बारशालाच दिसलं असावं. मामा रोह्यात एकटे राहतात. वालाची शेती, कौलारू घर आणि घराशेजारच्या शेडमध्ये एक फियाट. एकसष्ट सालची, अकराशे, रंग एकेकाळी पिस्त्याचा. ती गाडी रोह्यात सगळ्यांना माहीत आहे, कारण ती कुठेही जात नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, मामा तिला झेंडूचा हार घालतात, आळीच्या तोंडापर्यंत नेतात आणि उलटी चालवत परत आणतात. माझी बायको वैशाली याच गाडीवर चालवायला शिकली. त्या शंभर फुटांसाठी ती दरवर्षी पेणहून रोह्याला येते, बापाशेजारी बसते, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मला बावीस वर्षांत एकदाही आणता आलेला नाही. मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. मिक्सर आणला होता.

मे महिन्यात मामा दोन्ही गुडघे बदलून घ्यायला मुलाकडे नाशिकला निघाले. निघताना त्यांनी मला शेडमध्ये नेलं. बावीस वर्षांत मामांनी मला आपण होऊन कुठेही नेल्याची ही पहिलीच वेळ.

"जावईबापू," मामा म्हणाले, "चार महिने गाडी तुमच्या ताब्यात. आलो आणि व्हती तशी दिसली, तर वैशूच्या नावावर करून टाकतो. नाय दिसली तर पुण्याचा एक गिऱ्हाईक हाय. जुन्या गाड्या जमवतो. त्याला देऊन मोकळा व्हतो."

मग सूचना. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं. दार आपटायचं नाही, लोटायचं. काच ओल्या वर्तमानपत्रानेच पुसायची. "आणि उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवायचं नाय. टायर झिजतात. अजिबात नाय."

मी मान हलवली. वैशाली माझ्याकडे बघत होती. आपला नवरा आणि आपली गाडी यांतलं एकच वाचणार आहे हे ठाऊक असलेल्या बाईने बघावं, तसं.

सहा रविवार निर्विघ्न गेले. सातव्या रविवारी मला फोटो काढायची बुद्धी झाली. चालकाच्या जागी बसून, एक हात स्टीअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन, चेहऱ्यावर खानदानी कंटाळा. फोटो झकास आला. अडचण उतरताना आली. त्या काळातल्या गाड्या त्या काळातल्या पोटांसाठी बनवलेल्या आहेत. आधाराला मी स्टीअरिंग धरून स्वतःला वर ओढलं. 'टक्' असा, अगदी सभ्य, आवाज झाला. मी वर आलो. माझ्याबरोबर स्टीअरिंगचा एक तुकडाही वर आला. वेलची केळ्याएवढा, हस्तिदंती रंगाचा. खाली लोखंडाची गंजकी कडी उघडी पडली होती, आणि उरलेल्या गोलावर ठिकठिकाणी अशा भेगा दिसत होत्या की जणू सगळे तुकडे माझीच वाट बघत थांबले होते.

वैशालीला मी संध्याकाळी सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, "पण तुम्ही बसलातच का?"

उत्तरादाखल मी तिला फोटो दाखवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरचा हर्षद आला. हर्षदचं टाइल्सचं दुकान आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ फटीत आहे आणि उपाय ग्राउटिंगमध्ये, असं त्याचं तत्त्वज्ञान आहे. त्याने तुकडा नखाने टकटक वाजवून पाहिला. "आयव्हरी शेड. आपल्याकडे मिळेल. भरला की कळणार पण नाय." त्याची बायको नूतन म्हणाली, "भरायचंच कशाला? मी क्रोशाचं कव्हर विणून देते, सगळं झाकलं जाईल." मी नम्रपणे नको म्हटलं. चौथ्या दिवशी कव्हर आलं. जांभळं, कडेने गोंडे. ते आता आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आहे आणि, खरं सांगायचं तर, छान दिसतं.

शेवटी मी रोह्याच्या इलियासभाईंकडे गेलो. इलियासभाई अठरा वर्षं शारजात होते. तिथल्या एका शेखकडे चाळीस जुन्या गाड्या होत्या आणि त्या शेखलाही, मामांसारखंच, त्यातली एकही चालवायची नव्हती. परत आल्यावर त्यांनी रोह्यात गॅरेज टाकलं. माणूस शांत. गाडीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, डॉक्टर नातेवाइकांशी बोलताना आणतात तसा.

"वय झालं का असं व्हतंच," ते म्हणाले. "आतली कडी लोखंडाची, वरचा थर प्लास्टिकचा. लोखंड जागेवर ऱ्हातं, प्लास्टिक आकसतं. मंग फाटतं. तुमचा काय दोष नाय."

मला भरून आलं. बावीस वर्षांत सासरच्या कुठल्याही विषयात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"थोडा वजनाचा पण फरक पडला असंल," त्यांनी माझ्याकडे बघत पुढे सांगितलं.

शेडमध्ये येऊन त्यांनी मधलं हॉर्नचं बटण काढलं, नट सोडवला, खेचून काढायचं अवजार लावून स्टीअरिंग अलगद वर घेतलं. खाली दांड्यावर एक खूण आणि स्टीअरिंगवर एक खूण केली. "परत बसवताना ही खूण हिच्यासमोर. नाय तर गाडी सरळ आणि तुम्ही वाकडे." मग भेगांवरून बोट फिरवत म्हणाले, "बसवाचा काम माझा. पन भरायचा काम माझा नाय. ही भेग आधी रुंद करायची, मंग पुट्टी, मंग घासायचं, परत पुट्टी. हा यंत्राचा काम नाय सायब, हाताचा हाय. तुम्ही ऱ्हाता कुठं?"

"पेणला."

"मंग इथं काय करता? तुमच्याकडं गणपतीचे मोडलेले कान असे जोडतात का खुद्द गणपतीला कळत नाय. त्यांना द्या."

अशा रीतीने मी ते स्टीअरिंग, हॉर्नचं बटण सुतळीने त्यालाच बांधून, मांडीवर घेऊन रोह्याहून पेणला गाडीने निघालो. आगगाडीने. स्टीअरिंग मांडीवर घेऊन बसलं की हात आपोआप त्याच्यावर जातात, हे मला तोवर माहीत नव्हतं. कासू स्टेशनला टोपली घेऊन एक मावशी चढली. माझ्यासमोर बसून ती बराच वेळ आधी माझ्याकडे, मग खिडकीबाहेर, मग परत माझ्याकडे बघत राहिली.

"बाबू," ती शेवटी म्हणाली, "ही तुच चालवतंस व्हय?"

डब्यात हशा पिकला. पुढे पेण येईपर्यंत प्रत्येक थांब्याला कोणीतरी मला ब्रेक मारायला सांगत होतं.

पेणमध्ये श्रावणात कोणालाही काहीही काम सांगणं हा गुन्हा आहे. घराघरांत कारखाने आणि कारखान्याकारखान्यांत गणपती. नऊ ठिकाणी मला हाकललं. दहाव्या ठिकाणी, गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, चंद्रावतीताई भेटल्या. त्या जोडकामाच्या प्रमुख. तीस वर्षं मोडलेल्या सोंडा, बोटं आणि उंदीर जोडून त्यांची जगाकडे बघायची एक ठाम रीत झाली आहे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय मोडलाय?"

"स्टीअरिंग."

"ओला मोडला का सुका?"

मी जरा विचार करून म्हणालो, "सुका."

"मंग व्हईल." त्यांनी स्टीअरिंग हातात घेऊन फिरवलं, भेगांवर थुंकी लावून पाहिली. "आठ जागी गेलाय. कुनी पाडला?"

"वय झालं की होतं. आत लोखंड असतं, ते..."

"तुमीच ना?"

"हो."

त्यांनी वहीतून एक चिठ्ठी फाडली. कारखान्यात प्रत्येक मूर्तीला अशी चिठ्ठी असते, तिच्यावर गावाचं नाव. "कुठली हाय?"

आता इथे माझ्यातला लिपिक जागा झाला. मी पेणचा, पण वस्तू पेणची नव्हती. नोंद अचूक हवी. मी म्हणालो, "रोह्याची."

ताईंनी चिठ्ठीवर 'रोहा' लिहिलं, सुतळीने स्टीअरिंगला बांधलं आणि फळीवर ठेवून दिलं. सरकारी नोकरीतल्या अचूकपणाने माणसाचं एवढं नुकसान झाल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या माहितीत नाही.

ठरल्याप्रमाणे मी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गेलो. महिनाभर पाय ठेवायला जागा नसलेली शेड पार रिकामी. चंद्रावतीताई पहिल्यांदाच बसलेल्या दिसल्या, चहाची बशी हातात घेऊन.

"ताई, माझं स्टीअरिंग?"

"गेला."

"कुठं?"

"जिथला व्हता तिथं. रोह्याला. टेम्पोनी."

मला वाटलं, काय ही तत्परता. घरपोच! मी विचारलं, "कोणाकडे दिलं?"

"मंडळाकडं."

हळूहळू उलगडा झाला तो असा. रोह्याच्या एका मंडळाची पाच फुटी मूर्ती त्याच शेडमध्ये होती आणि तिची प्रभावळ यायची राहिली होती. रात्रपाळीच्या रंगाऱ्यांनी फळीवर बघितलं, तर प्रभावळीच्या मापाचा, गुळगुळीत घासलेला, दोन आऱ्यांचा गोल, आणि त्याला चिठ्ठी 'रोहा'. त्यांनी त्याला सोनेरी दिला. खडे लावले. मूर्तीच्या पाठीतून आलेल्या सळईत मधलं भोक अडकवलं, तर तेही बरोब्बर बसलं. इटलीत ज्या इंजिनिअरने ते भोक आखलं त्याला कल्पनाही नसेल.

ताईंनी फोनवर फोटो दाखवला. सिंहासन, वरदहस्त, मंद हसू, आणि मस्तकामागे झळाळणारं मामांचं स्टीअरिंग.

"ह्या साली पेणात अशी प्रभावळ दुसरी नाय," ताई म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून जरा नरमल्या. "भेग दिसते का बघा. एक दिसली तर नाव सांगनार नाय."

खरोखरच दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रोह्यात पोचलो तेव्हा आरती चालू होती. म्हणजे प्राणप्रतिष्ठा झालेली. मंडळ निघालं मामांच्याच आळीचं. मी गुरुजींना बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली. गुरुजींनी डोळे मिटले. "प्रभावळ हा मूर्तीचाच भाग. उत्तरपूजेआधी मूर्ती हलवायची नसते, तर तिचा भाग कसा काढणार?" मग एक डोळा उघडून म्हणाले, "हॉर्न पण आहे का त्यात?"

मंडळाचा सचिव निकेश. तिशीचा, धाटावला कंपनीत शिफ्ट करतो. मंडपाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसला होता. टेबलावर शिक्का, शाईचं पॅड आणि 'आवक' लिहिलेली फाइल. ती फाइल मी लगेच ओळखली. आपलंच हत्यार समोरच्याच्या हातात होतं.

"लेखी द्या," निकेश म्हणाला.

मी लिहून दिलं. 'विषय: श्रींच्या मस्तकामागील स्टीअरिंग परत मिळणेबाबत.' माझ्या एकोणतीस वर्षांच्या सेवेतला हा सर्वोत्तम मसुदा असावा. निकेशने तो दोनदा वाचला आणि परत सरकवला.

"पुरावा जोडला नाय. स्टीअरिंग तुमचंच कशावरून?"

पुरावा होता. फोनमध्ये तो फोटो होता. मी उघडून दाखवला. त्यात मी होतो, खानदानी कंटाळा होता, आणि जिथे स्टीअरिंग असायला हवं तिथे माझं पोट होतं.

"यात स्टीअरिंग दिसत नाय, सायब. अपूर्ण अर्ज घेता येत नाय." मग तो अगदी गोड हसला. "दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीच्या मोरीचा अर्ज घेऊन मी तुमच्याकडं आलो होतो. नकाशा जोडला नाय म्हणून तुम्ही तीनदा परत पाठवलात. आठवतं?"

मला मोरी आठवली. दुर्दैवाने तिसऱ्यांदा का परत पाठवला तेही आठवलं. नकाशा जोडला होता, पण तो मूळ प्रतीत नव्हता.

तडजोड अशी निघाली की अनंत चतुर्दशीला, उत्तरपूजेनंतर, प्रभावळ मला द्यायची. एरवी मी आनंदाने मान्य केलं असतं. पण मामांचा नाशिकहून फोन आला होता. डॉक्टरांनी लवकर सोडलं होतं. ते सहाव्या दिवशी येणार होते.

मधल्या दिवसांत मी रोज रोह्याला जात होतो. स्टीअरिंगवर लक्ष ठेवायला. वैशाली येत नसे. ती म्हणाली, "बाबांच्या गाडीचा एक भाग तरी दर्शनाला बाहेर पडला, हेच पुष्कळ." आळीला वाटलं, मी भाविक. तिसऱ्या दिवशी मला आरतीचं ताट दिलं. चौथ्या दिवशी पाककला स्पर्धेचा परीक्षक केलं आणि मी उकडीचे सव्वीस मोदक चाखून सव्वीस जणींपैकी पंचवीस जणींना दुखावलं. आणि त्याच दिवशी मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला कल्पना सुचली. त्याने सळईला एक मोटर जोडली. प्रभावळ फिरायला लागली.

मी घड्याळ लावून मोजलं. मामांचं स्टीअरिंग मिनिटाला बारा वेळा फिरत होतं. उभ्या उभ्या. ज्या माणसाने 'अजिबात नाय' म्हणून सांगितलं होतं तो दोन दिवसांवर आला होता.

पाचव्या दिवशी दुपारी मंडप रिकामा होता. महाप्रसाद चालू होता आणि सगळी आळी पंगतीत होती. मी पिशवीतून पाना काढला. बेत साधा होता. स्टीअरिंग काढायचं, सळईत नूतनचं जांभळं कव्हर अडकवायचं, इलियासभाईंकडे पळायचं. मी देवाची मनापासून माफी मागून मखराच्या मागच्या बाजूने चढलो. नट हाताला लागला. पाना लावला. आणि मोटर चालू झाली. ती टायमरवर होती.

फिरतं स्टीअरिंग माणसाने सोडून द्यावं. पण जे चार महिने सांभाळायचं आहे ते आयत्या वेळी कसं सोडणार? मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पाना पडला. पाय स्टुलावरून सुटले. माझा गाल मूर्तीच्या खांद्याला टेकला आणि मी तिथे, मिनिटाला बारा नसलं तरी, एका बाजूला चांगलाच कलत गेलो. तेवढ्यात आळीतल्या बायका भजनाला आल्या.

त्यांनी पाहिलं ते असं: एक मध्यमवयीन गृहस्थ गणपतीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडतो आहे. रडत मी खरंच होतो. हात पिळवटत होता.

"अगो बघ गो, केवढा भाव!" सगळ्यांत पुढची बाई म्हणाली, आणि तिने फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो पेणला पोचला. हर्षदने त्याखाली लिहिलं, 'असे भक्त आता विरळा.' माझ्या कार्यालयप्रमुखांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पुढे वर्षभर माझ्या रजेच्या अर्जावर त्यांनी एकही शेरा मारलेला नाही.

सहाव्या दिवशी मामा आले. नवे गुडघे, हातात चार पायांची काठी. वैशालीने त्यांना धरून उतरवलं. मामा थेट शेडकडे वळले.

"किल्ली पेणला राहिली, मामा," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. मंग आधी देवाला जाऊन येऊ."

मी पाणी, चहा, नाश्ता, विश्रांती आणि नव्या गुडघ्यांचं नाजूक आरोग्य या सगळ्यांचा आधार घेऊन पाहिला. मामा निघाले. मंडपात खुर्ची आणून दिली तरी बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले. डोळे मिटले. उघडले. मग ते वर बघत राहिले. एक फेरा. दोन फेरे. मी सातपर्यंत मोजले.

"जावईबापू."

"काय मामा?"

"ही प्रभावळ कुठनं आणली?"

"पेणहून."

"हां." अजून दोन फेरे. "तिचा हॉर्न वाजतो का?"

बाजूला वैशालीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. फोटो, पोट, इलियासभाई, ताई, चिठ्ठी. मामा शांतपणे ऐकत होते. ही शांतता मी ओळखतो. आमच्या लग्नात, मांडवात मी त्यांच्या पायावर पाट टाकला तेव्हा ती होती.

मग ते निकेशच्या टेबलाशी गेले. "निकेश, ती माझी हाय रे."

"काका," निकेश उभा राहून म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणजे हायच. तुम्हाला अर्ज नको. काढू का लगेच? गुरुजींना सांगतो."

सहा दिवसांच्या माझ्या पत्रव्यवहाराची ही किंमत. पण मामांनी हात वर केला. "नको. देव वापरतोय. त्याचं झाल्यावर दे. फकस्त ती मोटर बंद कर, टायर झिज..." इथे ते थांबले, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच सूचनेबद्दल शंका आली.

घरी आल्यावर मात्र त्यांनी फोन उचलला आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. "चार महिने सांभाळता येत नाय, तर जन्मभर काय सांभाळनार?" वैशालीने जेवणात मीठ टाकलं नव्हतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली. निकेशने प्रभावळ लाल कापडात गुंडाळून मामांच्या हातात दिली. पोच म्हणून माझी सही घेतली, दोन प्रतींत. कुंडलिका नदीवर विसर्जन होऊन दुसरा दिवस उजाडतो तोच इलियासभाई शेडमध्ये हजर. खूण खुणेसमोर, नट घट्ट, हॉर्नचं बटण जागेवर.

"रंग काढू?" त्यांनी विचारलं. "हस्तिदंती मारून देतो. दोन दिवस."

"हात लावायचा नाय," मामा म्हणाले. "देवाच्या डोक्यामागं फिरलेली वस्तू हाय. कानशीनं खरवडनार व्हय तिला?"

त्यामुळे पुण्याचे गृहस्थ आले तेव्हा स्टीअरिंग सोनेरी होतं. कडेने लाल-हिरवे खडे. हॉर्नच्या बटणावर रंगाऱ्यांनी काढलेलं आठ पाकळ्यांचं कमळ. गृहस्थ सुती कोटात, हातात भिंग. त्यांनी इंजिन पाहिलं, खूश झाले. दारं लोटून पाहिली, खूश झाले. मग चालकाचं दार उघडलं.

त्यांनी भिंग खिशात घातलं. मग त्यांनी चपला काढल्या, स्टीअरिंगला नमस्कार केला, आणि चहा न घेता पुण्याला गेले.

मामा संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होते. दिवेलागणीला म्हणाले, "वैशू, कागद काढ. उद्या पेणला जाऊ. तुझ्या नावावर करतो." आणि मग, कुठल्यातरी अदृश्य माणसाला सांगावं तसं, "तसा सांभाळला नाय म्हणता येत नाय. लटकला व्हता तिला. फोटो बघितला मी."

त्या रात्री वैशालीने मला वाढताना दुसऱ्यांदा भात विचारला. मिक्सरच्या वेळीही असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पेणच्या आरटीओत गेलो. मी नमुने, दाखले, साक्षांकित प्रती, प्रतींच्या प्रती, सगळं रीतसर लावून नेलं होतं. निकेशनेसुद्धा मुकाट घेतलं असतं. खिडकीतल्या बाईंनी माझा गठ्ठा बाजूला ठेवला आणि मामांकडून गाडीचं मूळ पुस्तक मागून घेतलं. पानं उलटली. परत उलटली.

"हे हस्तांतरण करता येणार नाही," त्या म्हणाल्या.

मी छाती पुढे काढली. "काय जोडायचं राहिलंय ते सांगा. मी स्वतः..."

"राहिलं काही नाही. गाडी यांच्याच नावावर आहे." त्यांनी वैशालीकडे बोट दाखवलं.

मी मामांकडे पाहिलं. मामा भिंतीवरचा सूचनाफलक वाचत होते.

"मामा?"

"तेव्हाच सांगितलं असतं," मामा फलकावरून नजर न काढता म्हणाले, "तर तुम्ही पेणला घेऊन गेला असता."

मी वैशालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सही घेतली होती बाबांनी कसल्यातरी कागदावर. लग्नाची गडबड होती. मला वाटलं, हॉलचं असेल."

बाईंनी पुस्तक परत दिलं. नोंद निळ्या शाईत आहे, स्पष्ट वाचता येते. तिची तारीख आमच्या लग्नाच्या चार दिवस आधीची आहे.